पंढरीतील पोरक्यांचे घर

आषाढ लागला की केळणेकाठची आमची भोकरदनची माणसे आकाशाकडे आणि पंढरीकडे एकाच वेळी डोळे लावून बसतात. पेरण्या उरकलेल्या असोत वा खोळंबलेल्या, वारीची ओढ काही सुटत नाही. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून निघते, ती बुलढाणा ओलांडून आमच्या जालना जिल्ह्यातून बीडकडे जाते. पादुकांवर डोके टेकताना भाविकांच्या मनात आदिशक्ती मुक्ताई असते. आम्हांला मात्र तेथे हल्ली एक लहानगी दिसू लागली आहे. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावर तिघा भावांमागून पैठणची वाट तुडवणारी आणि कोरान्नावर वाढलेली. गोदाकाठच्या गंगाखेडची जनाईही, परंपरा सांगते त्याप्रमाणे, लहानपणीच परक्या घरी, पंढरपुरी दामाशेटींकडे आली. ज्या संतांना आपण माउली म्हणतो, आई म्हणतो, त्यांतील कितीजण स्वतः पोरके होते!

हे ध्यानी येण्यास कारण झाले ते पंढरपुरातील एक जुने घर. वा. बा. नवरंगे बालकाश्रम या नावाने ते पुढे ओळखले गेले. त्याची स्थापना १८७५ सालची. लालशंकर उमियाशंकर नावाचे गुजराती गृहस्थ न्यायखात्यातील नोकरीच्या निमित्ताने पंढरपुरी आले होते. मुलूख परका, मायबोली निराळी. दर्शन घ्यावे, कचेरी करावी आणि बदलीची वाट पाहावी, एवढ्यावर त्यांचे सहज भागले असते. परंतु क्षेत्राच्या ठिकाणी जे झाकले जाते ते त्यांच्या दृष्टीस पडले. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. पण कायद्याने घराचे दार थोडेच उघडते? वाकडे पाऊल पडलेल्या, किंवा घरच्याच कोणी नासवलेल्या तरुण विधवेस यात्रेच्या मिषाने पंढरपुरी आणावे, गुपचूप बाळंतपण उरकावे आणि मूल तेथेच सोडून परतावे, असे प्रकार घडत. लालशंकरांनी प्रार्थना समाजाच्या आश्रयाने त्या मुलांसाठी घर उघडले. पुढच्याच वर्षी १८७६ चा भीषण दुष्काळ सुरू झाला आणि अशा घराची निकड किती होती, हे कोणास सांगण्याची गरज उरली नाही.

प्रार्थना समाज मूर्तिपूजा मानणारा नव्हे. तरी विठोबाच्या गावी विठोबाची म्हणावी अशी ही लेकरे सांभाळण्याचे काम त्याच्या हातून झाले. भाविक म्हणेल, ही पांडुरंगाचीच योजना. आम्हीही तसेच म्हणतो. गुजराती माणसाची नेमणूक पंढरपुरी व्हावी, यात आम्हांला त्याचाच हात दिसतो. पण मग पायरीवर टाकलेले ते बाळ, तेही योजनेतलेच काय? येथे मात्र जीभ अडखळते.

ती एकदा अडखळली नाही, त्याची खंत आम्हांला आजही आहे. काही वर्षांपूर्वी परप्रांतातील एका बालगृहात महिनाभर सेवेसाठी आम्ही गेलो होतो. त्या वर्षी आमची वारी चुकली. घरची वडील मंडळी नाराज झाली. आम्ही मात्र मनातल्या मनात थोडे फुशारलो होतो, की ही वारीपेक्षा मोठी सेवा देव मांडून घेईल. तेथे पाचसहा वर्षांचा एक मुलगा रोज फाटकाशी उभा राही. आमची हिंदी मोडकी, त्याचीही बोबडी. तरी त्याचा प्रश्न कळायला भाषा लागत नव्हती. आई कधी येणार? आम्ही गंभीरपणे उत्तरलो, “बाळ, देवाची इच्छा असेल तेव्हा.”

तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “मग देवाला मी आवडत नाही का?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. गळ्यात तुळशीमाळ, कपाळी बुक्का, अनेक कीर्तने ऐकलेले कान. सारे असून नव्हते. स्वयंपाकीणबाई हे ऐकत होत्या. कणकेचे हात पुसत त्या म्हणाल्या, “महाराज, देवाची इच्छा मोठ्या माणसांना सांगा. हे पोर सकाळपासून उपाशी आहे.”

ईश्वरी योजनेवर विसंबणे म्हणजे काय, हा विचार आम्ही त्या दिवसापासून निराळा करू लागलो. थकलो, सेवेचे फळ दिसेना, मूल लळा लावून दुसरीकडे गेले, तर ते त्याच्यावर सोपवावे. तो भार आपला. तो त्याच्या पायी ठेवण्याचा अधिकारही आपला. दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ त्याच्या नावाने सांगत सुटण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला होता? लालशंकरांनीही त्या बाळांना काही समजावीत बसण्याआधी छप्पर आणि दूध यांचीच तजवीज केली असणार.

एकादशी तेथेच आली. आमचा उपवास होता. मुलांसाठी पोळ्या होत्या. त्या मुलाने आमच्याजवळ बसून दोन खाल्ल्या, तिसरी अर्धी टाकली आणि आमच्या उपरण्याचे टोक मुठीत धरून तो तसाच मांडीवर झोपला. हरिपाठाची वेळ झाली, टळूनही गेली. टाळ समोर भिंतीशी होते. पण ती मूठ सुटेपर्यंत आम्हांला उठता आले नाही.