पेल्यावरचे प्राणी आणि पायांखालचे प्राणी

अर्धापूर हें नांदेड जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. भोंवतीं काळी जमीन, केळीच्या बागा, आणि विहीर खणावयास घेतली कीं लागणारा काळा पत्थर. अशा गांवींहि आज एखाद्या घरीं मुलाच्या हातीं सकाळीं दुधाचा जो कानाचा पेला येतो, ज्याला घरोघर ‘मग’ म्हणतात, त्यावर गुलाबाचें फूल किंवा बदकांची जोडी नसते. तेथें आ वासलेला टिरॅनोसॉरस असतो, त्याच्या शेजारीं तीन शिंगांचा ट्रायसेरॅटॉप्स, पाठीवर तक्त्यांची रांग मिरविणारा स्टेगोसॉरस, आणि वर पंख पसरलेला टेरोडॅक्टिल. ज्या मुलास अजून जोडाक्षरें साधत नाहींत तें हीं नांवें मात्र न अडखळतां म्हणतें. वडील मंडळींस याचें कौतुक वाटतें. पण हे प्राणी खरोखर असेच होते काय, असें मुलानें विचारलें म्हणजे मात्र तीं घोटाळ्यांत पडतात.

या प्रश्नाचें उत्तर अशाच एका प्रकारच्या पेल्यावरून फार चांगलें समजतें. कांहीं पेले असे मिळतात कीं, ते थंड असतां त्यांवर सजीव डायनोसॉर दिसतात; गरम चहा ओततांच त्यांचें मांस व कातडी नाहींशी होऊन नुसता सांगाडा उरतो, आणि चहा निवला कीं प्राणी पुन्हा पूर्ववत् दिसूं लागतो. ही जादू शाईची आहे. त्या शाईंत डोळ्यांस न दिसणाऱ्या बारीक कुप्या असतात. प्रत्येक कुपींत एक रंगद्रव्य, त्यास रंग चढविणारें दुसरें द्रव्य आणि मेणासारखा एक पदार्थ कोंडलेला असतो. थंडपणीं मेण गोठलेलें असतें व तीं दोन्ही द्रव्यें एकमेकांस धरून राहतात, म्हणून रंग दिसतो. उष्णतेनें मेण वितळलें कीं त्यांची संगत सुटते व रंग लोपतो. सांगाड्याचें चित्र साध्या शाईनें छापलेलें असल्यामुळें तेवढें कायम राहतें.

पेला प्राण्याकडून हाडांकडे जातो. शास्त्राचा प्रवास याच्या नेमका उलट, हाडांकडून प्राण्याकडे होतो. म्हणून कोणत्याहि चित्राविषयीं विचारावयाचा प्रश्न हाच कीं, त्यांतील हाडांच्या आधारावर उभें असलेलें किती, आणि तर्कानें भरलेलें किती?

चित्रकार चुकतो, आणि फार प्रामाणिकपणें चुकतो, याचें उदाहरण लंडनजवळ सिडनहॅम येथें अद्याप पाहावयास मिळतें. ‘डायनोसॉर’ हें नांव रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४२ सालीं रूढ केलें; भयंकर सरडा असा त्याचा अर्थ. ओवेनच्या सल्ल्यानें हॉकिन्स नांवाच्या शिल्पकारानें तेथील बागेंत या प्राण्यांचे पूर्णाकृति पुतळे उभारले व ते १८५४ सालीं लोकांस खुले झाले. त्यांतील इग्वानोडॉन हा चार पायांवर उभा असून त्याच्या नाकावर गेंड्यासारखें शिंग आहे. पुढें १८७८ सालीं बेल्जममधील बेर्निसार येथें कोळशाच्या खाणींत याच जातीचे अनेक सांगाडे जवळजवळ सबंध मिळाले, आणि तें शिंग नाकावरचें नसून हाताच्या अंगठ्याचें टोंकदार हाड आहे असें सिद्ध झालें.

टिरॅनोसॉरसचीहि तीच कथा. जुन्या चित्रांतून तो शेपटी जमिनीवर टेकून कांगारूसारखा ताठ उभा असे. त्याची पाठ आडवी व शेपटी मागें अधांतरीं तोललेली होती, असें आतां मानतात. १९९६ सालीं चीनमध्यें सिनोसॉरॉप्टेरिक्स नांवाच्या लहान डायनोसॉरच्या अंगावर पिसांच्या तंतूंचे ठसे मिळाले. आणि २०१० सालीं त्या तंतूंतील रंगकणांवरून त्याच्या शेपटीवर तांबूस व पांढरे पट्टे होते, असेंहि दाखवितां आलें. अशा थोड्या प्राण्यांच्या बाबतींत रंगाला पुरावा आहे. पेल्यावरच्या बहुतेक डायनोसॉरांचा हिरवा अथवा जांभळा रंग मात्र चित्रकाराच्या मर्जीचा असतो. गरम चहानें तो उडून गेला, तरी सत्याची फारशी हानि होत नाहीं.

छापील चित्राचा दुसरा एक धर्म लक्षांत ठेवण्याजोगा आहे. चिनी मातीच्या भांड्यावर हातानें रंगविण्याऐवजीं कागदावरून ठसा उतरविण्याची कला अठराव्या शतकांत इंग्लंडांत वाढली. आजहि भट्टींत टिकणाऱ्या रंगांनीं खास कागदावर चित्र छापून, तें पाण्यांत सोडवून भांड्यावर बसवितात व सुमारें ८०० अंश उष्णतेंत भाजतात. तें झिलईशीं एकजीव होतें. शहरांतील फोटोच्या दुकानांत जे पेले हातोहात करून मिळतात त्यांची रीत निराळी. त्यांवर आधींच एक विशेष लेप दिलेला असतो, आणि कागदावरील शाईची सुमारें २०० अंश उष्णतेनें वाफ होऊन ती त्या लेपांत शिरते. रीत कोणतीहि असो, एकदां चुकलेलें चित्र हजारों पेल्यांवर तसेंच उतरतें, व पुतळ्याहून अधिक घरीं पोंचतें.

अशा चुकांतील सर्वांत मोठी चूक रंगाची नसून काळाची आहे. पेल्यावर सारे प्राणी एका रांगेंत, जणूं एकाच रानांत चरत असल्यासारखे दाखवितात. वस्तुतः स्टेगोसॉरस सुमारें १५ कोटी वर्षांपूर्वीं होऊन गेला, आणि टिरॅनोसॉरस सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं नाहींसा झाला. म्हणजे टिरॅनोसॉरस हा स्टेगोसॉरसपेक्षां चहा पिणाऱ्या मुलाला काळानें अधिक जवळचा आहे! पाठीवर शिडासारखा पडदा असलेला डायमेट्रोडॉन तर डायनोसॉर निपजण्यापूर्वींच नष्ट झाला होता, व त्याचें नातें सरड्यांपेक्षां सस्तन प्राण्यांशीं अधिक जवळचें आहे. टेरोडॅक्टिल हा उडणारा सरपटी प्राणी. तोहि डायनोसॉर नव्हे. लोकरीच्या अंगाचा मॅमथ हत्ती याच रांगेंत उभा करतात. पण त्याचे शेवटचे कळप रशियाच्या उत्तरेकडील एका बेटावर सुमारें ४ हजार वर्षांपूर्वींपर्यंत जिवंत होते. उलट, डायनोसॉरांचे खरे वंशज जे पक्षी, ते त्या रांगेंत क्वचितच असतात. अंगणांतली कोंबडी त्या पेल्यावर अधिक शोभली असती.

आणखी एक उणीव अर्धापूरच्या मुलाच्या दृष्टीनें विशेष महत्त्वाची आहे. पेल्यावरील बहुतेक नामांकित प्राणी अमेरिकेंतील खडकांतून निघालेले आहेत. हिंदुस्थानांतील हाडांचा इतिहास कांहीं कमी जुना नाहीं. ठगांच्या बंदोबस्ताबद्दल प्रसिद्ध असलेल्या स्लीमननें १८२८ सालींच जबलपूरजवळ मोठीं हाडें मिळविलीं होतीं. त्यांतील शेपटीच्या मणक्यांवरून लिडेकरनें १८७७ सालीं ‘टायटनोसॉरस इंडिकस’ ही जाति वर्णिली. महाराष्ट्रांत चंद्रपूर जिल्ह्यांतील डोंगरगांव येथें १९८४ ते १९८६ या काळांत कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनीं एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरचा बराचसा सांगाडा बाहेर काढला. १९९७ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध झालें, आणि २००३ सालीं त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘इसिसॉरस’ हें नांव मिळालें. त्याच सालीं गुजरातेंतील हाडांवरून डोक्यावर शिंग असलेल्या मांसाहारी ‘राजासॉरस’चें नामकरण झालें. चंद्रपूर जिल्ह्यांतीलच पिसदुरा येथें अशा प्राण्यांची दगड झालेली विष्ठा मिळते. तींत गवताचे सूक्ष्म कण आढळल्याचें २००५ सालीं प्रसिद्ध झालें. डायनोसॉरांच्या काळीं गवत नव्हतें, ही तोंवरची समजूत वऱ्हाड-चांद्याकडच्या या शेणगोट्यांनीं मोडून काढली.

मग अर्धापूरच्या विहिरींत डायनोसॉर कां निघत नाहीं? कारण तेथला काळा पत्थर हा थिजलेला लाव्हा आहे. डायनोसॉरांच्या अंताच्या सुमारास दख्खनवर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले, त्यांचाच हा पत्थर, आणि तो झिजून केळीला मानवणारी काळी माती झाली. तप्त रसांत हाडें टिकत नाहींत; तीं टिकतात नदीतळ्यांच्या गाळांत, आणि तसा गाळ जेथें लाव्ह्याच्या खालीं किंवा दोन थरांमध्यें उघडा पडला आहे तेथेंच सांपडतात.

परंतु मराठवाड्याच्या नद्यांनीं दुसरा, अलीकडचा ठेवा जपला आहे. हा डायनोसॉरांच्या पुष्कळ नंतरचा, हिमयुगांच्या काळांतला. १९०५ सालीं पिल्ग्रिम या भूशास्त्रज्ञानें नाशिक जिल्ह्यांतील नांदूर मधमेश्वराजवळ गोदावरीच्या गाळांत मिळालेल्या एका नामशेष महाकाय हत्तीचें वर्णन प्रसिद्ध केलें. हीच गोदावरी पुढें नांदेडवरून वाहते. लातूर जिल्ह्यांत मांजरा नदीच्या कांठच्या थरांतून पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं हत्ती, पाणघोडे आणि रानबैल यांचे अवशेष गोळा केले आहेत. आज आफ्रिकेखेरीज कोठेंहि नैसर्गिकपणें रानांत न आढळणारा पाणघोडा एके काळीं मांजरेच्या डोहांत डुंबत होता! आणि तो रानबैल वशिंडाच्या गाईबैलांचा पूर्वज मानला जातो. म्हणजे नांदेडकडच्या लाल कंधारीचा व लातूरकडच्या देवणीचा तो मूळपुरुषच म्हणावयाचा. शिवाय या प्राण्यांना माणसानें डोळ्यांनीं पाहिलें आहे. खानदेशांत चाळिसगांव तालुक्यांतील पाटणें येथें शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले, त्यांतील एकावर सुमारें २५ हजार वर्षांपूर्वीं कोणा कारागिरानें रेघांची नक्षी कोरली आहे. कवचासारख्या वस्तूवर नक्षी काढण्याची हौस या भूमींत इतकी जुनी आहे.

या ठेव्याची स्थिति मात्र नाजूक आहे. हीं हाडें डोंगराच्या पोटांत सुरक्षित नाहींत. तीं नदीच्या वाळूगोट्यांत आहेत, आणि वाळूचा उपसा होतांना तीं फावड्याखालीं फुटतात किंवा दगड समजून भराव्यांत जातात. हाड फुटल्याहूनहि मोठें नुकसान असें कीं, तें कोणत्या थरांत होतें ही माहिती नाहींशी होते. आणि तिच्याविना त्या हाडाला काळ सांगतां येत नाहीं. म्हणून नदीकांठीं अनोळखी, दगडासारखें जड हाड किंवा दाढ दिसली तर ती उपटून घरीं न आणतां जागेवरच राहूं द्यावी, छायाचित्र घ्यावें, जागेची खूण टिपावी आणि जाणत्या संस्थेस कळवावें. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठांत भूशास्त्राचा विभाग आहे. डेक्कन कॉलेजहि फार दूर नाहीं.

पेल्यावरचा टिरॅनोसॉरस कोठेंहि जात नाहीं. तो पुन्हा छापतां येतो, चुकला तर सुधारतांहि येतो. मांजरेच्या कांठचें हाड एकदां भराव्यांत गेलें कीं त्याचें चित्र कोणालाहि काढतां येणार नाहीं. फोटोच्या दुकानांत हवें तें चित्र पेल्यावर छापून मिळत असतां, त्यावर एखादा पाणघोडा व एखादा रानबैल कोणी काढवून घेतला, आणि खालीं ‘मांजरा नदी’ एवढींच दोन अक्षरें लिहविलीं, तर तो पेला मुलाच्या हातीं देतांना वडील मंडळींस घोटाळ्यांत पडण्याचें कारण राहणार नाहीं. नदी दाखवावयास तें मूलच त्यांना हात धरून घेऊन जाईल.