गाडीतली धूळ ओढली, पण गेली कुठे?

रविवारी सकाळी ऐरोलीतल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये चक्कर मारा. दोन-चार गाड्यांची दारे सताड उघडी दिसतील. कुणी मॅट भिंतीवर आपटतो आहे, कुणी सीटवर थापट्या मारतो आहे, कुणी कोरड्या फडक्याने डॅशबोर्ड झटकतो आहे. रोज पहाटे येणारा गाडी पुसणारा बाहेरून बादलीभर पाण्यात गाडी चकाचक करतो. आतली सफाई मालकाची. हल्ली या कामासाठी गाडीचा छोटा व्हॅक्यूम क्लीनर घेण्याकडे कल वाढला आहे. हजार-दीड हजारापासून दहा-बारा हजारांपर्यंत तो मिळतो आणि प्रत्येक खोक्यावर मोठमोठे आकडे असतात. त्यातला नेमका कोणता आकडा पाहायचा, हा प्रश्न जितका खिशाचा तितकाच फुप्फुसांचाही आहे. घरात दम्याचा किंवा सतत शिंकणारा माणूस असेल तर जास्तच.

एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी आणि मधून ठाणे-बेलापूर रस्ता व औद्योगिक पट्टा, अशी ऐरोलीची ठेवण. रस्त्यावरची माती, टायर आणि ब्रेक झिजून निघालेली भुकटी, बांधकामाचे सिमेंट हे सगळे चपलांना चिकटून आणि उघड्या खिडकीतून गाडीत येते. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात हवेची मानके न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत नवी मुंबईही आहे. त्यात खाडीकडची दमट हवा. पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता बहुतेक वेळ ऐंशी टक्क्यांच्या आसपास किंवा वरच असते आणि कापडी सीटमध्ये राहणाऱ्या धूळकिड्यांना, म्हणजे डस्ट माइट्सना, अशीच हवा मानवते.

हे किडे पाव ते एक तृतीयांश मिलिमीटरचे. आपल्या त्वचेच्या गळणाऱ्या कोंड्यावर जगणारे. ते चावत नाहीत. त्रास देतात त्यांच्या विष्ठेतली प्रथिने. विष्ठेचे कण साधारण दहा ते चाळीस मायक्रॉनचे, म्हणजे धुळीच्या मानाने जडच. म्हणून शांत गाडीत ते हवेत नसतात, सीटच्या कापडात बसलेले असतात. सीटवर धपकन बसले किंवा थापट्या मारल्या की ते उडतात आणि वीस-तीस मिनिटांत पुन्हा खाली बसतात. ‘गाडीत बसलं की आधी चार शिंका’ या तक्रारीमागे पुष्कळदा हे असते. बारीक धुळीचे, अडीच मायक्रॉनच्या आतले कण मात्र तासन्‌तास तरंगत राहतात आणि थेट फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचतात.

व्हॅक्यूम क्लीनरचा जन्मही झटकण्याच्या या सवयीवर विचार करताना झाला. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनीअरने हवेच्या झोताने धूळ उडवणारे एक यंत्र पाहिले. धूळ उडत होती आणि बरीचशी पुन्हा तिथेच बसत होती. फुंकण्याऐवजी ओढली तर, असे त्याच्या मनात आले. एका रेस्टॉरंटमध्ये खुर्चीच्या मखमलीला तोंड लावून त्याने हवा ओढून पाहिली आणि ठसका लागून जीव कासावीस झाला. मध्ये रुमाल धरला होता, असे म्हणतात. त्या रुमालावर धूळ अडकली आणि त्याच्या यंत्राचे तत्त्व सिद्ध झाले. पुढे काही वर्षांतच अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जेम्स मरे स्पँगलर या सफाई कामगाराने घरगुती वापराचे हलके यंत्र बनवले. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळाले. स्पँगलरला दम्याचा त्रास होता आणि झाडूने उडणारी धूळ त्याला सोसत नव्हती. आज या यंत्राकडे आपण सुखसोय म्हणून पाहतो, पण मुळात ते एका दमेकऱ्याने स्वतःसाठी शोधलेले साधन आहे.

बूथच्या प्रयोगात रुमाल महत्त्वाचा होता. यंत्र जितकी हवा आत घेते तितकी बाहेरही सोडते. मधला फिल्टर भरड असेल तर मोठी माती डब्यात राहते आणि बारीक धूळ मागच्या जाळीतून परत तुमच्या तोंडावर येते. हॉलमध्ये हे एक वेळ चालून जाईल. दहा बाय बाराच्या खोलीत तीसेक घनमीटर हवा असते. छोट्या मोटारीत जेमतेम तीन. तेवढीच बारीक धूळ दहा पट कमी हवेत मिसळते आणि वाकून सफाई करणाऱ्याचे नाक त्या जाळीपासून हातभर अंतरावर असते. माझ्या मते म्हणूनच गाडीसाठी यंत्र घेताना पहिला प्रश्न फिल्टरचा, ओढीचा दुसरा.

हेपा फिल्टरचा एच-१३ हा दर्जा म्हणजे जे कण पकडायला सर्वांत अवघड, त्यांच्यातले ९९.९५ टक्के अडवणारा; दहा हजारांत पाच निसटतात. अवघड कण म्हणजे सर्वांत बारीक नव्हेत, साधारण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे. त्याहून बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात इतके सैरभैर फिरतात, की धाग्यांना धडकून अडकतातच. खोक्यावर नुसते ‘हेपा टाइप’ किंवा ‘हेपासारखा’ लिहिले असेल तर त्याला कसलेही मानक लागू नाही. दर्जाचा आकडा मागा. फिल्टर उत्तम पण त्याची रबरी कड सैल असेल तर हवा बाजूने वाट काढते, तेही पाहा. दुकानात बूथचाच प्रयोग करता येतो. यंत्राने थोडी टाल्कम पावडर ओढा, मागच्या जाळीसमोर पांढऱ्याऐवजी काळा रुमाल अर्धा मिनिट सैलसर धरा. रुमाल पांढुरका झाला तर यंत्र परत ठेवा.

आता ओढ. जाहिरातीत ५००० पास्कल, ८००० पास्कल असे आकडे असतात. वातावरणाचा दाब सुमारे एक लाख पास्कल. म्हणजे ५००० ही त्याच्या पाच टक्के ओढ झाली, नळीतून अर्धा मीटर पाणी वर चढवण्याइतकी. पण हा आकडा नळीचे तोंड पूर्ण बंद असताना मोजतात, तेव्हा हवा वाहतच नसते. धूळ उचलते ती वाहती हवा. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे ‘एअरवॉट’. तो दिला असेल तर तुलना त्याच्यावरून करावी. मोटरचे वॉटही फसवे असतात. युरोपीय संघाने २०१४ मध्ये घरगुती यंत्रांना १६०० वॉटची आणि २०१७ मध्ये ९०० वॉटची मर्यादा घातली, तरी तिथल्या घरांत कचरा साचला नाही.

गाडीतल्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणाऱ्या यंत्राची मर्यादा मात्र खरी आहे. त्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो. बारा गुणिले दहा, १२० वॉट. त्यापेक्षा फार जास्तीचा दावा दिसला तर तो खोक्यापुरता आहे असे समजावे. सीटवरचा चुरा, पापडाचे तुकडे, वाळू एवढ्याला हे यंत्र पुरते. कापडात रुतलेली धूळ काढायला घरातला हजार-बाराशे वॉटचा व्हॅक्यूम क्लीनर, चिंचोळे तोंड आणि पार्किंगमधला तीन पिनांचा, अर्थिंग असलेला प्लग हे सरस. घरात असा क्लीनर असेल तर गाडीसाठी वेगळा घेण्याची गरज मला दिसत नाही. लांब वायर आणि सीटखाली शिरणारी चपटी नळी घेतली की भागते.

बिनवायरचे यंत्र सोयीचे, फक्त ते गाडीत ठेवून द्यायचे नाही. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या बंद गाडीत डॅशबोर्ड साठ अंशांच्या वर जातो. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये आणि साठच्या पुढे नुसती ठेवणेही धोक्याचे. त्या उन्हाने धूळकिडे मरतील कदाचित, पण त्यांची प्रथिने कापडात तशीच राहतात. ती ओढूनच काढावी लागतात.

पावसाळ्यात मॅटखालचा गालिचा ओला राहून कुबट वास येतो, तो बुरशीचा. साध्या यंत्राने पाणी ओढू नका. विजेचा धक्का बसू शकतो, मोटर जळते आणि ओल्या फिल्टरवर बुरशी धरते. त्यासाठी ‘वेट अँड ड्राय’ प्रकार घ्यावा. धुता येणारा फिल्टरही पूर्ण दिवसभर वाळल्याशिवाय परत बसवू नये. सीटखालचा खाऊचा चुरा तर दर आठवड्याला काढावाच. त्याच्या मागे झुरळे येतात, मग उंदीर, आणि उंदराने वायर कुरतडल्यावर होणारा खर्च कुठल्याही व्हॅक्यूम क्लीनरपेक्षा मोठा असतो.

सफाई करताना चारही दारे उघडी ठेवा, एन-९५ मास्क लावा आणि दम्याच्या माणसाला हे काम देऊ नका; अर्ध्या तासाने त्याने गाडीत बसावे. डबा घरात नव्हे, बाहेर, पिशवीच्या आत धरून रिकामा करा.

एका सवयीबद्दल मात्र कडक बोलायला हवे. बॅटरी उतरेल या भीतीने बरेच जण तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून सॉकेटवरचे यंत्र चालवतात. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची. दहा अँपिअरचे यंत्र वीस मिनिटे चालले तर साडेतीनच्या आत, म्हणजे दहावा हिस्सा खर्च होतो. धडधाकट बॅटरीला ते जाणवतही नाही. उलट बंदिस्त तळघरात इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. डोके जड होणे, मळमळ ही सुरुवात. असे वाटले तर यंत्र तिथेच टाकून मोकळ्या हवेत या, आणि बरे वाटत नसेल तर सरळ डॉक्टरांकडे जा.