टेकडीवरून आपटून आलेलं चित्र

आमच्या पहिल्या टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाई कायम दोन असायच्या. एक ठळक, आणि तिच्या उजवीकडे तिला खेटून बसलेली तिचीच फिकट जुळी. घर पर्वतीच्या पायथ्याशी, चित्र यायचं सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून. बाबा गच्चीवर अँटेनाचा पाइप धरून उभे, मी जिन्याच्या खिडकीत. "आता?" "नाही बाबा, अजून दोघी आहेत!" मग पाइप आणखी जरासा फिरायचा. एकदा बाबा खाली आले आणि हात पुसत म्हणाले, "टेकडीवरून आपटून येतंय. दोनदा येतंय, म्हणून दोन दिसतात."

त्या वाक्याचा हिशेब मी पुढे कॉलेजात असताना मांडून पाहिला. जुन्या टीव्हीत चित्र ओळीओळीनं उमटायचं, आणि पडद्यावरची एक ओळ डावीकडून उजवीकडे ओढायला ५२ मायक्रोसेकंद लागायचे. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. तेवढ्यात रेडिओलहर ३०० मीटर जाते. टेकडीचा उतार घरामागे दीडशे मीटरवर धरला, तर सिंहगडाहून आलेली लहर आमच्या अँटेनाला ओलांडून पुढे जाणार, उतारावर आपटणार, परत येणार. तीनशे मीटरचा फेरा, एक मायक्रोसेकंदाचा उशीर. तोवर पडद्यावरचा ठिपका ओळीच्या बावन्नाव्या हिश्शाइतका पुढे सरकलेला. चाळीस सेंटीमीटर रुंद पडद्यावर हे अंतर पाऊण सेंटीमीटर भरतं. ती फिकट जुळी साधारण तेवढीच बाजूला बसलेली असायची. घर ते टेकडी हे अंतर रोज संध्याकाळी आमच्या टीव्हीच्या काचेवर उमटत होतं आणि ते फूटपट्टीनं मोजता आलं असतं, याचा आनंद मला आजही होतो.

हे सगळं परवा आठवलं. भाचीचं बारसं नागपूरला झालं, त्याचा व्हिडिओ आईच्या फोनवर आला होता. फोनची वरची पट्टी खाली ओढली, स्क्रीन कास्टच्या बटणावर बोट ठेवलं, यादीत आमच्या टीव्हीचं नाव आलं, ते दाबलं, आणि आईच्या तळहातावरचा पाळणा समोरच्या भिंतीवर झुलायला लागला. आई उठली आणि तिनं टीव्हीच्या मागे हात घालून पाहिलं. वायर नव्हती. "मग गेलं कुठून?" तिनं विचारलं.

'वाय-फायनं गेलं' हे उत्तर तिला मी दिलं नाही. ते नाव झालं, वाट नव्हे.

आधी हे सांगायला हवं की फोनवरचं चित्र टीव्हीवर आणायच्या दोन रीती आहेत आणि त्या मुळातच वेगळ्या आहेत. यूट्यूबवर एखादं गाणं लावा, कोपऱ्यात चौकोन आणि तीन कमानींची खूण असते ती दाबा, गाणं टीव्हीवर सुरू झालं की फोन चक्क बंद करून टाका. गाणं चालूच राहतं. कारण फोननं गाणं पाठवलेलंच नसतं. त्यानं टीव्हीला फक्त पत्ता सांगितला: अमुक ठिकाणी अमुक व्हिडिओ आहे, तुझा तू घेऊन ये. टीव्हीनं तो स्वतः इंटरनेटवरून आणला. २०१३ साली आलेल्या गुगलच्या क्रोमकास्टनं ही रीत घरोघरी नेली. पाळण्याच्या व्हिडिओचं तसं नाही. तो आईच्या फोनच्या पोटात होता, म्हणून मी फोनचा अख्खा पडदाच टीव्हीवर उमटवला. यात प्रत्येक क्षणाचं चित्र फोनलाच पाठवावं लागतं. फोन बंद झाला की टीव्हीवरचा पाळणाही गेला. यातला मिराकास्ट नावाचा प्रकार २०१२ पासूनचा, आणि त्यात फोन आणि टीव्ही मध्ये राउटरसुद्धा न घेता थेट एकमेकांशी बोलतात.

गाण्यासाठी यादीत टीव्हीचं नाव येतं ते कसं, हेही सुंदर आहे. फोनला टीव्हीचा पत्ता ठाऊक नसतो. म्हणून तो २२४.०.०.२५१ या पत्त्यावर हाक मारतो. हा पत्ता कुणा एकाचा नाही. घरातल्या जाळ्यावर जो जो कान देऊन बसलाय त्या सगळ्यांचा आहे. वाड्याच्या चौकात उभं राहून "कुणी आहे का?" म्हणावं तसं. ज्याला चित्र दाखवता येतं तो ओ देतो आणि आपलं नाव, ठिकाण सांगतो. ही हाक घराच्या उंबऱ्याबाहेर जात नाही. फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर ठेवा म्हणतात, ते यासाठी.

आता पाळणा. टीव्हीच्या पडद्यावर १,९२० उभ्या आणि १,०८० आडव्या रांगा धरल्या तर वीस लाखांहून जास्त ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट, सेकंदाला ३० चित्रं. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे दीडशे कोटी बिट येतात. घरातल्या हवेतून एवढं ओझं एकसारखं नेणं अवघड आहे. म्हणून फोन ते आवळतो, आणि असं आवळतो की दीडशे कोटींचं कोटभरात बसतं.

यातली निम्मी युक्ती साधी आहे. बारशाच्या व्हिडिओत मागचा झेंडूच्या माळांचा पडदा हलत नाही, मग तो पुन्हा कशाला पाठवायचा? पाळणा थोडा उजवीकडे गेला, तर 'हे चौकोन एवढे सरकव' इतकंच सांगायचं. उरलेली युक्ती खोल आहे. मिरजेच्या तानपुऱ्याची एक तार छेडली तरी कानाला एकच सूर येत नाही, त्यात सुरांची अख्खी चळत असते. सरावलेला कान त्यातला गंधार वेगळा काढतो. फ्रेंच गणिती जोसेफ फूरिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवलं की सुरांचंच काय, उष्णतेच्या चढउतारासारख्या आकाराचंसुद्धा असंच आहे: तो साध्या लहरींची बेरीज म्हणून लिहिता येतो. चित्राचा चिमुकला चौकोनही. त्यातल्या ठळक लहरी ठेवायच्या आणि डोळ्याला जाणवणारही नाहीत अशा बारीक लहरी सोडून द्यायच्या. चित्रांसाठी हे गणित ज्यांनी बसवलं ते नासिर अहमद मूळचे बेंगळुरूचे. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेत या कामासाठी अनुदान मागितलं, ते नाकारलं गेलं. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी ते १९७४ मध्ये छापलं. आज फोनमध्ये साठवलेला जवळजवळ प्रत्येक फोटो याच रीतीनं किंवा तिच्या वारसदारानं आवळलेला असतो. सिग्नल कमी पडला की टीव्हीवर चित्र चौकोनाचौकोनांत फुटतं ना, तेव्हा हाच सांगाडा उघडा पडलेला दिसतो.

इथवर सगळं फोनच्या पोटात झालं. आता चित्र खोलीत सुटतं, आणि माझ्या मते खरी नवलाई इथून पुढे आहे.

लहर फोनमधून सगळीकडे पसरते. एक वाट सरळ टीव्हीकडे जाते. दुसरी लोखंडी कपाटावर आपटून, तिसरी खिडकीच्या ग्रिलवरून, चौथी छताला लागून, पाचवी स्वयंपाकघरातल्या फ्रिजपर्यंत जाऊन. लहानपणी एक टेकडी पुरली होती चित्र बिघडवायला. इथे खोलीभर टेकड्या आहेत, आणि टीव्हीला एकच निरोप डझनभर वेळा ऐकू येतो, दर वेळी किंचित उशिरानं.

किंचित म्हणजे किती? सेकंदाला दोन कोटी खुणा एकामागून एक सोडल्या, तर एका खुणेच्या वाट्याला ५० नॅनोसेकंद येतात. तेवढ्या वेळात लहर १५ मीटर जाते. म्हणजे जो पडसाद पंधरा मीटरचा जादा फेरा मारून आला, तो नेमका पुढच्या खुणेच्या डोक्यावर येऊन बसतो आणि दोन्हींचा लगदा होतो. जुन्या टीव्हीवर जुळी बहीण दिसली तरी बातम्या कळायच्या. इथे एक अक्षर कळणार नाही.

विजापूरच्या गोलघुमटात शाळेची सहल गेली होती, तेव्हा आम्ही सगळे एकदम ओरडलो आणि नुसता गलका झाला. तिथल्या माणसानं शिकवलं: एक शब्द म्हणा, थांबा, घुमणं विरू द्या, मग पुढचा. शब्द स्वच्छ परत आला. वाय-फाय हेच करतं. पण थांबत थांबत बोललं तर वेग कुठून येणार? म्हणून एका घाईच्या आवाजाऐवजी वेगवेगळ्या पट्टीतले अनेक संथ आवाज एकाच वेळी बोलतात. १९९९ साली ठरलेल्या एका मानकात असे ४८ आवाज निरोपासाठी आहेत. प्रत्येक जण आपली खूण चार मायक्रोसेकंद लांबवतो, आणि त्यातला ०.८ मायक्रोसेकंद निव्वळ घुमणं विरण्यासाठी राखलेला असतो. ०.८ मायक्रोसेकंद म्हणजे २४० मीटरचा फेरा. घरातले सगळे पडसाद तेवढ्यात येऊन संपतात. मग पलीकडे टीव्ही त्या चळतीतला एकेक सूर वेगळा काढतो. पुन्हा फूरिए! चित्र आवळताना जे गणित कामी आलं, तेच गणित खोली ओलांडतानाही.

हे गणित घराघरातल्या जाळ्यात आणणाऱ्यांपैकी एक, जॉन ओ'सलिव्हन, रेडिओ खगोलशास्त्रज्ञ होते. छोटी कृष्णविवरं विरत विरत शेवटी फुटतात, असं स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ मध्ये मांडलं होतं. अशा स्फोटाचा क्षणभराचा रेडिओ-ठोका ऐकू येतो का, हे ओ'सलिव्हन आणि त्यांचे सहकारी शोधत होते. तारकांमधल्या विरळ वायूतून येताना असा ठोका पसरट होतो, तो गणितानं पुन्हा गोळा करावा लागतो. एकही ठोका सापडला नाही. पण लहरींची विस्कटलेली खूण पुन्हा जुळवायची सवय त्यांना लागली, आणि पुढे ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेत त्यांच्या गटानं ती खोलीतल्या पडसादांवर वापरली. पेटंटसाठी अर्ज केला तो १९९२ साली. वाय-फाय एकट्या कुणाचं नाही. अनेक संथ लहरींची कल्पना बेल लॅब्जच्या रॉबर्ट चँग यांनी १९६६ मध्येच मांडली होती. तरीही फुटणाऱ्या कृष्णविवराचा ठोका ऐकायला बसलेल्या माणसाचं कसब बैठकीच्या खोलीत उपयोगी पडावं, हे मला फार भारी वाटतं.

याच सीएसआयआरओशी आपल्याकडचंही एक नातं आहे. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप १९५३ मध्ये तिथे शिकायला गेले होते. सिडनीजवळ पॉट्स हिलला सूर्याच्या रेडिओलहरी टिपणाऱ्या बत्तीस तबकड्या होत्या, त्या निकामी होणार असं कळल्यावर त्यांनी त्या भारतासाठी मागून घेतल्या. १९६५ मध्ये त्या कल्याणला उभ्या राहिल्या. तिथून सुरू झालेली वाट पुढे नारायणगावजवळ खोडद परिसरातल्या तीस प्रचंड तबकड्यांपर्यंत गेली.

पडसाद सोसायचे कसे, इथवरच गोष्ट थांबली नाही. १९९२ सालीच आणखी एक पेटंट-अर्ज झाला, स्टॅनफर्डमधल्या दोघांचा. एक आरोग्यस्वामी पॉलराज, भारतीय नौदलातले माजी अधिकारी, ज्यांनी कोचीला देशी बनावटीची सोनार यंत्रणा उभी करणाऱ्या गटाचं नेतृत्व केलं होतं. सोनार म्हणजे पाण्यातल्या पडसादावरच जगणारं यंत्र. दुसरे थॉमस कैलाथ, जन्म पुण्याचा, १९५६ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेले. त्यांची कल्पना अशी: दोन अँटेनांनी एकाच वेळी, एकाच पट्टीत, दोन वेगळे निरोप पाठवायचे. मोकळ्या माळावर दूरवरून ते दोन्ही जवळजवळ सारखेच ऐकू येतील आणि वेगळे काढता येणार नाहीत. पण भिंती, कपाटं, ग्रिल असलं की दोन्ही निरोप वेगवेगळ्या वळणांनी येतात, आणि पलीकडेही दोन अँटेना असल्या की त्या वळणांवरूनच कुठला कुणाचा हे उलगडतं. २००९ च्या मानकापासून वाय-फायमध्ये हे आलं. ज्या आपटण्यापायी बाबा गच्चीवर उन्हापावसात उभे राहिले, तेच आता दुप्पट माल वाहून नेतं. घरात भिंती आहेत म्हणून ते जमतं.

आईला यातलं जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. कपाटाकडे, ग्रिलकडे, छताकडे बोट दाखवून. तिनं एकच विचारलं: "आणि मी मधून गेले तर?"

मग ती चहाचे कप उचलायला उठली आणि फोन आणि टीव्हीच्या बरोबर मधून गेली. त्या क्षणी सरळ वाट तिच्या अंगानं अडवली, कपाटावरची वाट बदलली, स्टीलच्या ताटलीवरून एक नवीच वाट निघाली. पूर्वी अँटेनाजवळून मांजर गेलं तरी बातम्या थरथरायच्या. पण फोनच्या प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला आधीपासून ठरलेली एक ओळखीची खूण असते. ती कशी वाकून आली हे पाहून टीव्ही खोलीचं माप नव्यानं घेतो, सेकंदाला शेकडो वेळा. आई स्वयंपाकघरापर्यंत पोचेतो आमच्या घराचं माप असं किती वेळा घेतलं गेलं असेल कोण जाणे. पाळणा झुलत होता. त्यात एकच बाळ होतं.