जुनी थर्मल पेस्ट काढण्याआधी वहीत काय लिहायचं?

कॉम्प्युटरवर संशोधन करायचं ठरवलेल्या बऱ्याच जणांना वाटतं की आपल्याला उपकरणांची कटकट नाही. वजनकाटा नाही, पिपेट नाही, मग कॅलिब्रेशन कसलं? पीएचडीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत मलाही असंच वाटायचं. एका करड्या, वाळलेल्या पेस्टने ते डोक्यातून काढलं. म्हणून आज प्रोसेसर आणि हीटसिंकवरची जुनी थर्मल पेस्ट कशी साफ करायची ते सांगते, आणि ती साफ करताना मी केलेली चूकही सांगते.

आधी घडलं काय ते. एक सिम्युलेशन दोन पद्धतींनी चालवून कोणती लवकर संपते हे मला बघायचं होतं. जुन्या पद्धतीचा रन जानेवारीत घेतला, ४१ मिनिटं लागली. नवीन पद्धत लिहून, डीबग करून होईपर्यंत मे उजाडला. तिला ४७ मिनिटं लागली. म्हणजे चार महिने खपून लिहिलेली पद्धत उलट हळू! मी नाराज होऊन तशी स्लाइडसुद्धा बनवली. मॅडमनी स्लाइड बघितली आणि एवढंच विचारलं, "दोन्ही रनच्या वेळी मशीनचं तापमान किती होतं गं?"

"मॅडम, ते नाही बघितलं."

"मग ही तुलना कशाची आहे?"

रन पुन्हा लावला आणि शेजारच्या खिडकीत तापमान बघत बसले. (लिनक्सवर 'सेन्सर्स' ही कमांड त्यासाठी पुरते.) दहा मिनिटांत प्रोसेसर ९९ अंश सेल्सिअसला पोचला आणि त्याचा क्लॉक ४ गिगाहर्ट्झवरून ३ च्या आसपास उतरला. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. आजचे बरेच डेस्कटॉप प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. मशीन बंद पडत नाही, कुठलाही एरर येत नाही, उत्तरही बरोबरच येतं. फक्त वेळ वाढतो. आणि माझ्या कामात वेळ हाच डेटा होता.

लॅबच्या सिस्टिम सांभाळणाऱ्या दादांनी हीटसिंक उघडला. पेस्ट खडूसारखी कोरडी, खपल्या धरलेली. "ताई, मशीन आल्यापासून याला कुणी हात लावला नसणार," ते म्हणाले.

पेस्ट असते कशासाठी?

प्रोसेसरचं धातूचं झाकण आणि हीटसिंकचा तळ डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही खडबडीत असतात. एकमेकांवर ठेवले तर मोजक्या ठिकाणीच टेकतात, बाकीच्या फटींत हवा राहते. उष्णता वाहून नेण्यात हवा फार कच्ची: तिची उष्णतावाहकता सुमारे ०.०२६ वॅट प्रति मीटर केल्विन, तर तांब्याची सुमारे ४००. पेस्ट या फटींतली हवा हटवते. साध्या पेस्टमध्ये सिलिकोन तेलात झिंक ऑक्साइड किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड असते. तिची वाहकता साधारण १ ते १० च्या दरम्यान, म्हणजे तांब्यापुढे काहीच नाही, पण हवेच्या कितीतरी पट.

साधंच सूत्र वापरून हिशोब करू. थराच्या दोन बाजूंमधला तापमानाचा फरक = उष्णता (वॅट) × थराची जाडी ÷ (वाहकता × क्षेत्रफळ). समजा प्रोसेसर १०० वॅट उष्णता टाकतोय, क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर, पेस्टची वाहकता ५.

- थर ५० मायक्रॉन असेल तर फरक १ अंश.
- तीच पेस्ट अर्धा मिलिमीटर जाड थापली तर १० अंश.
- पेस्टच नाही, सगळीकडे ५० मायक्रॉन हवा आहे असं धरलं तर सुमारे १९० अंश!

प्रत्यक्षात धातू काही ठिकाणी टेकतात, त्यामुळे शेवटचा आकडा एवढा येत नाही. उलट उष्णता झाकणाखालच्या छोट्या चिपमधून निघते, सगळीकडून सारखी नाही, म्हणून पहिले दोन आकडे प्रत्यक्षात जास्त निघतात. पण हिशोबातून दोन गोष्टी लगेच कळतात. थर पातळ हवा, आणि मध्ये हवा नको. जुनी पेस्ट नेमकी इथेच दगा देते. तेल हळूहळू सुटून जातं, पेस्ट कोरडी पडते. मशीन रोज तापतं, थंड होतं, धातू प्रसरण-आकुंचन पावतात आणि पेस्ट थोडी थोडी कडेला ढकलली जाते. मधे भेगा पडतात, भेगांत हवा शिरते. जुन्या थरावरच नवीन पेस्ट लावली तर खपल्यांमुळे थर जाड राहतो आणि हवाही अडकते. म्हणून आधी जुनी पूर्ण काढायची.

साफ कशी करायची?

मशीन लॅबचं असेल तर आधी परवानगी घ्या. वॉरंटी किंवा देखभालीचा करार चालू असेल तर स्वतः उघडू नका.

१. मशीन दहा-पंधरा मिनिटं कामाला लावा, म्हणजे पेस्ट थोडी मऊ पडते. मग शटडाउन, प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या.

२. फॅनची वायर काढा. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करा. हीटसिंक सरळ वर ओढू नका, डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. एएम४ सारख्या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरलाच असतात. तिथे जोरात ओढलं तर हीटसिंकला चिकटून प्रोसेसरच बाहेर येतो आणि पिना वाकतात.

३. आधी कोरड्या कापडाने जाड थर पुसा. खपल्या असतील तर जुन्या प्लास्टिक कार्डाची कड वापरा. ब्लेड, स्क्रू ड्रायव्हर, तारेची घासणी अजिबात नको.

४. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो ९९ टक्के, निदान ९० च्या वर. ते तेल विरघळवतं आणि मागे काही न ठेवता उडून जातं. सॅनिटायझर जेल चालत नाही, त्यातले ग्लिसरीनसारखे पदार्थ पृष्ठभागावर राहतात. नेलपॉलिश रिमूव्हरही नको. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि जवळ ज्योत नको.

५. अल्कोहोल कापडावर घ्या, प्रोसेसरवर ओतू नका. कापड धागे न सोडणारं हवं. लॅबमधले लेन्स पुसायचे कागद किंवा कॉफी फिल्टर उत्तम. साधा टिश्यू तंतू सोडतो. प्रोसेसर सॉकेटमध्येच राहू द्या आणि कडेकडून मध्याकडे पुसा, म्हणजे मळ सॉकेटमध्ये जात नाही. कापड बदलत राहा, करडा डाग उमटायचा थांबला की झालं. हीटसिंकचा तळही असाच साफ करा. दोन्ही पूर्ण वाळू द्या आणि मग बोट लावू नका, बोटालाही तेल असतं.

६. नवीन पेस्ट मटारच्या दाण्याएवढी, मधोमध. आकाराने मोठ्या प्रोसेसरला थोडी जास्त. हीटसिंक सरळ ठेवा आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. दाबाने पेस्ट आपोआप पसरते. एकदा बसवून पुन्हा उचललात तर पुसून नव्याने लावा, कारण उचलताना हवा शिरते.

लॅपटॉपमध्ये बहुधा झाकण नसतं, चिप उघडी असते आणि भोवती नाजूक भाग असतात. पहिला प्रयोग तिथे करू नका. जुना थर चांदीसारखा चकाकणारा, पातळ असेल तर तो गॅलियमचा द्रवधातू असू शकतो. तो वीज वाहतो आणि ॲल्युमिनियम कुरतडतो, तेव्हा तिथे थांबा आणि जाणकाराला बोलवा.

आता माझी चूक

साफसफाईनंतर दोन्ही पद्धती एकाच दिवशी, आलटून पालटून चालवल्या. जुनीला ४० मिनिटं, नवीनला ३५. स्लाइड उलटी झाली! मी खुशीत सेमिनारला गेले. तिथे एका सरांनी विचारलं, "मशीन सुधारलं ते पेस्टमुळे की आणखी कशामुळे?"

मी गप्प. कारण त्याच दिवशी दादांनी ब्लोअरने हीटसिंकच्या पात्यांमधली धूळही उडवली होती. खोलीचं तापमान मी आधीही लिहिलं नव्हतं, नंतरही नाही. नवीन पद्धत जलद आहे हे मी ठामपणे सांगू शकत होते, कारण ती तुलना एकाच स्थितीतल्या मशीनवर होती. पण "पेस्ट बदलल्याने फरक पडला" हे माझं वाक्य मला स्लाइडवरून काढावं लागलं. आधी फक्त धूळ काढून एक रन घेतला असता, मग पेस्ट बदलून दुसरा, तर उत्तर मिळालं असतं. खर्च किती? फार तर एक तास. आता तो आकडा कधीच मिळणार नाही, कारण ती जुनी पेस्ट मीच पुसून टाकली.

म्हणून हीटसिंकच्या स्क्रूला हात लावण्याआधी वहीत एवढं लिहा: तारीख, खोलीचं तापमान, ठरावीक लोडवर अर्ध्या तासानंतरचं प्रोसेसरचं तापमान, क्लॉक, फॅनचा वेग. उघडल्यावर जुन्या पेस्टचा फोटो. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तेच आकडे पुन्हा. तुमचा पेपर वेळेच्या तुलनेवर उभा असेल तर हे आकडे प्रत्येक रनसोबत आपोआप साठतील अशी स्क्रिप्ट पहिल्याच आठवड्यात लिहून टाका. मी ती तिसऱ्या वर्षी लिहिली.