माशांच्या टाकीला न दिसणारा उजेड

पावसाळा संपून ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की वसईतल्या बावखलांचं पाणी हिरवंगार होतं. खिडकीशेजारी ठेवलेल्या माशांच्या टाकीतही तोच प्रकार! आठवडाभरात गप्पी कुठे नि गोल्डफिश कुठे, काही दिसेनासं होतं. हा हिरवेपणा म्हणजे पाण्यात तरंगणारं एकपेशीय शेवाळ. ते इतकं बारीक असतं की फिल्टरच्या स्पंजमधूनही सहज निसटतं.

यावर हौशी मंडळी अतिनील दिवा वापरतात. आमच्या चौथीतल्या एकाने तर वर्गात जाहीरच केलं, "बाई, माझा दादा घरीच बनवणार आहे. एक ट्यूब, एक पाइप, एक पंप. झालं!"

खरंच इतकं सोपं आहे का? पाहू या.

घरातल्या ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याची वाफ असते. वीज गेली की त्या वाफेतून अतिनील किरण निघतात. काचेला आतून पांढरी पूड लावलेली असते, ती या किरणांचं आपल्याला दिसणाऱ्या उजेडात रूपांतर करते. जंतू मारणाऱ्या दिव्यात ही पूड नसते आणि काचही खास असते. त्यातून सुमारे २५४ नॅनोमीटर लांबीच्या लहरी बाहेर पडतात. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) या लहरी जंतूच्या डीएनएमध्ये गाठी पाडतात. मग त्या जंतूची वाढच खुंटते, एकाचे दोन होत नाहीत.

आता अडचण बघा. दिवा पाण्यात बुडवायचा तर त्याला आवरण हवं. साधी काच या लहरी अडवते, म्हणून महागडी क्वार्ट्झची नळी लागते. तिच्यावर क्षारांचा थर बसतो. बोअरिंगच्या जड पाण्याने बादलीला पांढरं कसं धरतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. थर बसला की किरण अडलेच!

हे कोडं मुंबईत जन्मलेले शास्त्रज्ञ डॉ. अशोक गाडगीळ यांनी छान सोडवलं. १९९२-९३ मध्ये भारत आणि बांगलादेशात नव्या प्रकारच्या कॉलऱ्याची साथ आली. गाडगीळ तेव्हा अमेरिकेत बर्कलेच्या प्रयोगशाळेत होते. त्यांनी दिवा पाण्यात बुडवलाच नाही! उथळ ताटलीसारख्या भांड्यातून पाणी उतारावरून वाहू दिलं आणि वर दिवा टांगला. ना क्वार्ट्झ, ना घासाघीस. मिनिटाला सुमारे १५ लिटर पाणी शुद्ध, आणि वीज एका साध्या बल्बाइतकी. मोटारीच्या बॅटरीवरही ते यंत्र चालायचं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते गाडगीळांना तिथलं तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय पदक मिळालं.

पण त्या दादाला मी सांगेन, दिवा घरी जोडू नकोस. हा दिवा फिकट निळा, अगदी गरीब दिसतो. त्याच्याकडे पाहताना काहीच वाटत नाही. काही तासांनी मात्र डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. कातडीही भाजते. या किरणांनी प्लॅस्टिकचा पाइप हळूहळू ठिसूळ होतो. तो तडकला तर पाणी आणि विजेची तार यांची गाठ! पालकहो, घ्यायचाच असेल तर पूर्ण बंद डबीतला तयार दिवा घ्या आणि डबी उघडण्याआधी प्लग काढा.

शिवाय हा दिवा सगळं करत नाही. माशांच्या विष्ठेतून पाण्यात उतरणारा अमोनिया तसाच राहतो. तो पचवणारे उपयोगी जिवाणू स्पंजला चिकटून असतात, दिव्यासमोर येत नाहीत, हे आपलं नशीबच. पाणी गढूळ असेल तर किरण आत पोचतच नाहीत.

तुम्हाला करता येईल असा बिनदिव्याचा प्रयोग सांगते. टाकीतलं हिरवं पाणी दोन बाटल्यांत भरा. एक खिडकीत ठेवा, दुसरीला काळा कागद गुंडाळा. पाच दिवसांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहा.

काळ्या कागदातलं पाणी फिकट झालं, तर टाकीलाही तोच उपाय करा. आधी एकतृतीयांश पाणी बदला. नवं पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडं ठेवा, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जाईल. मग चार दिवस टाकी झाका. हवेचा पंप मात्र चालूच ठेवा, कारण मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. नंतर टाकी खिडकीपासून दूर हलवा. जड आहे हं, बाबांना हाक मारा!