ग्राफाइटचे पापुद्रे कुठल्या दिशेने बसतात

साधं प्लास्टिक उष्णता जवळजवळ अडवूनच धरतं. त्याची उष्णतावाहकता ०.२ वॉट प्रति मीटर-केल्व्हिनच्या आसपास असते, तर अ‍ॅल्युमिनियमची २०० च्या घरात. नायलॉनमध्ये भरपूर ग्राफाइट मिसळलं तर हा आकडा १० ते २० पर्यंत चढतो, आणि तरीही धातूच्या दहाव्या हिश्शापलीकडे जात नाही म्हणून बरेच डिझायनर ते बाजूला सारतात. माझ्या मते इथे तुलनाच चुकीची होते. एलईडी दिव्याच्या बॉडीतली उष्णता शेवटी हवेत जायची असते, आणि पंख्याविना स्तब्ध असलेली हवा ती फार सावकाश उचलते. दोन मिलिमीटर जाड, तीन सेंटिमीटर उंच फिन, म्हणजे उष्णता हवेत सोडणारी पाती, घ्या. दोन्ही बाजूंनी अशाच स्तब्ध हवेत ती थंड होत असेल, तर साध्या प्लास्टिकची फिन आदर्श फिनच्या जेमतेम १५ टक्के काम करते. वाहकता १० केली की हे प्रमाण ७८ टक्क्यांच्या आसपास जातं, आणि अ‍ॅल्युमिनियम वापरलं तर ९८. म्हणजे वाहकता वीसपट वाढवून हाती लागतो तो उरलेला पाचवा हिस्सा. खरी झेप ०.२ ते १० या टप्प्यातच घेतली जाते.

मग ग्राफीन किंवा कार्बन नॅनोट्यूब घालून आकडा आणखी का चढवू नये? २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड इथे अलेक्झांडर बलांदिन यांच्या गटाने अधांतरी ताणलेल्या ग्राफीनची वाहकता मोजली, ती ५००० च्या आसपास भरली. पण प्लास्टिकमध्ये गेल्यावर या वैभवातलं फार थोडं शिल्लक राहतं. कण आणि पॉलिमर यांच्या सीमेवर उष्णतेची कंपनं अडखळतात. कण जितके बारीक, तितक्या सीमा जास्त. विजेचं असं नाही. कणांची साखळी जुळली की विद्युतवाहकता एकदम अनेक दशपटींनी उडी मारते, उष्णतेत अशी उडी दिसत नाही. म्हणून महागड्या नॅनोकणांपेक्षा मोठे, चपटे ग्राफाइट पापुद्रे बहुतेक वेळा जास्त कामाला येतात.

हे पापुद्रे जपणं हे कंपाउंडिंगच्या, म्हणजे प्लास्टिकमध्ये भराव मिसळण्याच्या, मशीनवरचं खरं कसब. मुख्य हॉपरमधून दाणा आधी वितळू द्यायचा आणि ग्राफाइट पुढे, साइड फीडरमधून घालायचं, म्हणजे ट्विन-स्क्रूच्या रगड्यात पापुद्र्यांचा भुगा होत नाही. मोल्डिंगमध्ये आणखी एक पेच. हा माल साच्याला लागताच उष्णता पटकन सोडून गोठतो, त्यामुळे साचा पुरेसा गरम नसेल तर पातळ फिन अर्धवट भरतात. शिवाय वाहत्या मालाबरोबर पापुद्रे भिंतीलगत आडवे होतात. भिंतीच्या सपाटीत मिळणारी वाहकता तिच्या जाडीतून मिळत नाही, कित्येकदा ती काही पटींनी कमी भरते. डेटाशीटवर मात्र बहुधा सपाटीतला मोठा आकडा ठळक छापलेला असतो. गेट, म्हणजे माल साच्यात शिरतो ते तोंड, कुठे ठेवला यावर पापुद्रे कुठे वळणार हे ठरतं, म्हणून साच्याच्या ड्रॉइंगवरच अर्धं उष्णतागणित होऊन जातं. ग्राफाइटचं प्रमाण ठरवण्याइतकंच लक्ष या गेटवर द्यायला हवं, आणि तेवढं ते दिलं जात नाही.

आक्षेप खरे आहेत. कार्बन वीजही वाहतो, त्यामुळे उघड्या सर्किटला चिकटून हा माल चालत नाही; तिथे बोरॉन नायट्राइड घालावं लागतं, आणि ते महाग पडतं. भराव वाढला की प्लास्टिक ठिसूळ होतं, स्क्रूचे बॉस तडकतात. चिपवरच उष्णता एका ठिपक्यात कोंडली असेल तर ती पसरवायला धातूला पर्याय नाही, तिथे १० ची वाहकता पुरतच नाही. पण धातूचा छोटा तुकडा आत बसवून त्याभोवती हे प्लास्टिक ओतता येतं: पसरवण्याचं काम धातूचं, हवेत सोडण्याचं प्लास्टिकचं. वर काळा पृष्ठभाग घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमपेक्षा किती तरी जास्त उष्णता प्रारणानेही टाकतो. वजनातही फायदा, घनता १.७ च्या आसपास, अ‍ॅल्युमिनियमची २.७. पुनर्वापराचा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. अ‍ॅल्युमिनियम पुन्हा वितळवलं तरी अ‍ॅल्युमिनियमच राहतं; इथे दर वेळी दळण आणि स्क्रू यांतून जाताना पापुद्रे आणखी मोडतात, आणि ज्या गुणासाठी माल बनवला तोच आधी घटतो.