मुलाचा राग : हट्ट कोणता आणि दुखणे कोणते?



उसाचे बेट पिवळे पडले, की आपण नुसती पाने खुडत बसत नाही. मुळाशी उकरून हुमणी आहे का ते पाहतो. घरातले पोर सारखे चिडू लागले, की मात्र "लई माजलंय, दोन ठेवून द्या" एवढ्यावर आपण मोकळे होतो. रागाचेही मूळ पाहावे लागते.

घाटाखालच्या महाड-पोलादपूरचे उदाहरण घ्या. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर आला. ८० हून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथे दरडींनी बळी घेतले, महाड शहर पुरात बुडाले आणि कृष्णाकाठचा ऊसही पाण्याखाली गेला.

अशा संकटानंतर मोठी माणसे बोलतात, रडतात. मुलांना शब्द सापडत नाहीत. त्यांची भीती आणि दुःख पुष्कळदा राग होऊन बाहेर पडते. ढग गडगडले, की पोर आईवर ओरडते, धाकट्याला मारते. लोकांना दिसतो आगाऊपणा. आत असते धास्ती. दरड कोसळली नाही तरी घरातली भांडणे, दारू, मारहाण, न झेपणारा अभ्यास किंवा कमी ऐकू येणे, यांतूनही असा राग उपजतो.

राग सर्वांनाच येतो. दोन-तीन वर्षांचे मूल जमिनीवर लोळण घेते, ते वयच तसे. पण शाळकरी मुलात पुढील खुणा दिसल्या तर सावध व्हावे :

१) कारण एवढेसे आणि राग डोंगराएवढा; तोही आठवड्यातून अनेकदा.

२) घरी, शाळेत, खेळात, सगळीकडे तेच.

३) स्वतःला, दुसऱ्याला किंवा मुक्या जनावराला इजा करणे.

४) सोबत झोप उडणे, दचकून उठणे, अंथरूण ओले होणे, मित्र तुटणे.

५) संकटाला महिना उलटला तरी उतार नाही.

राग भरात असताना उपदेश करू नये. आपण आवाज खाली ठेवावा, धाकटी मुले बाजूला न्यावीत. शांत झाल्यावर जवळ बसून विचारावे, "बाळा, कशाची भीती वाटली का?" राग येणे चूक नाही, मारणे-फोडणे चूक, हे स्पष्ट सांगावे. मार देऊ नये. मारातून पोर मारच शिकते. जेवण, झोप, शाळा यांच्या वेळा सांभाळाव्यात.

खुणा टिकून राहिल्या तर आधी गुरुजी-बाईंशी बोलावे, मग प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तेथून जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार डॉक्टरांकडे जाण्याची वाट मिळते. २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. मूल "मला जगायचंच नाही" म्हणाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, त्याला एकटे सोडू नये, आणि फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत.

डॉक्टरकडे नेले म्हणजे पोर वेडे ठरत नाही. हुमणी लवकर दिसली तर बेट वाचते. मुलाचेही तसेच आहे; "मोठं झालं की सुधारेल" म्हणून हंगाम दवडू नये.